हायडनची निरोपाची सिंफनी

युरोपच्या अभिजात संगीतात बीथोवेनची थोरवी आणि मोत्सार्टचे माधुर्य सर्वमान्य आहे. पण रसिकांनी 'बाबा' म्हणून जवळ केला, तो योझेफ हायडनला. त्याच्या हाताखालचे वादक त्याला याच नावाने हाक मारीत. या प्रेमाचे मूळ १७७२ सालच्या एका प्रसंगात दिसते.

ऑस्ट्रियातील रोराउ गावच्या, गाड्यांची चाके घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १७६१ साली एस्टरहाझी सरदारांच्या चाकरीत शिरला. करार असा की, अंगावर दरबारी गणवेश हवा आणि रचलेले संगीत मालकाचे. त्याची नक्कलही दुसऱ्यास द्यावयाची नाही.

१७७२ साली निकोलाउस सरदाराचा हंगेरीतील वाड्यातला मुक्काम लांबला. वादकांना बायकामुले तेथे आणण्यास मनाई होती. हायडनला सवलत होती. तरीही इतरांचे गाऱ्हाणे त्याने आपले मानले. त्याने अर्ज लिहिला नाही, सिंफनी लिहिली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपले वादन संपवितो, मेणबत्ती विझवितो आणि निघून जातो. शेवटी दोनच व्हायोलिने उरतात. सरदाराने मर्म ओळखले व दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलविला, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे.

१७७९ च्या नव्या करारातून नकलेवरील बंदीही गेली, आणि त्याचे संगीत जगाचे झाले.

स्वतःला सवलत असूनही जो सोबत्यांसाठी उभा राहतो, त्याच्यावर लोक जीव लावतात. घरची ओढ लागलेल्या कोणत्याही कामकऱ्याला त्या दोन व्हायोलिनांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.