घाटाखालचे आपले गाव

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, तेव्हा मला दाराशी दिसणारा सातपुडाच आठवला. गाविलगडावर आपण सहलीला जातो, चिखलदऱ्याची हवा खातो. पण ज्या घाटवाटांमुळे आपले गाव भरभराटले, त्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

जुने लोक वऱ्हाडाचे भाग सांगत ते घाटांवरूनच. पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा पायनघाट, दक्षिणेला बालाघाट आणि उत्तरेला, जिथे घाटांचा मेळ होतो तो, मेळघाट. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत यायचे म्हणजे सातपुडा ओलांडावा लागे, आणि ओलांडल्यावर पहिले मोठे शहर एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर. अल्लाउद्दीन खिलजी 1296 साली देवगिरीवर गेला तो एलिचपुरावरूनच. बहामनी सुलतान अहमदशहाने 1425 च्या सुमारास गाविलगडाची तटबंदी केली. 1490 मध्ये इमादशाही निघाली तिची राजधानीही एलिचपूरच. वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती वऱ्हाड!

1803 ची हकीकत तर विशेष आहे. 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून इंग्रज गाविलगडाकडे वळले. किल्ल्यावर खरा मारा करता येतो तो उत्तरेकडून. दक्षिणेची बाजू कड्याची. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज 7 डिसेंबरला निघाली ती डोंगराच्या पोटातून वळसा घेत 12 तारखेस लबाडा गावी पोचली. वाट सुमारे तीस मैल. अवजड तोफा दऱ्याखोऱ्यांतून हातांनी ओढल्या, रस्ताही फौजेनेच तोडत नेला. 15 तारखेस किल्ला पडला. बखरी आणि खलिते सेनापतींची नावे सांगतात; दोर धरणाऱ्यांची नावे कोण लिहिणार? असो.

पुढे आपल्या परतवाड्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी झाली. ती 1893 मध्ये उठली, 1905 मध्ये एलिचपूर जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. तरी गाव ओस पडले नाही, कारण घाटातून माल उतरतच होता. मेळघाटातील जंगल 1866 पासून सरकारने राखीव केले होते. तिथले सागवान बैलगाड्यांनी खाली येई. 1913 साली मूर्तिजापूरची लहान गाडी, आपली लाडकी ‘शकुंतला’, अचलपुरापर्यंत आली, आणि घाटाचा माल रुळांवर चढला. आता तीही बंद पडली आहे.

पण सागवानाच्या हिशेबात एक व्यापार दिसत नाही. तो कोरकू बायांच्या डोक्यावरचा. मोहफुले, चारोळी, डिंक घेऊन त्या पायवाटेने बाजाराला येत आणि मीठ, गूळ, लुगडे घेऊन चढ चढत. माझ्या सासूबाई सांगत, त्यांच्या लहानपणी चारोळीच्या मापाला मिठाचे माप मिळे, आणि बाजारात त्यात कोणाला वावगे वाटत नसे. आज किराणा दुकानात चारोळीचा भाव विचारून पाहावा, म्हणजे त्या सौद्यात कोणाचे घर भरले ते कळेल. घाटाखालच्या आपल्या पेठेची श्रीमंती मोजताना हे मापही मोजले पाहिजे, असे मला वाटते.

बहिरमची यात्राही घाटाचीच. बैतूलचा रस्ता डोंगर उतरतो तिथेच पौषात ती भरते. रोडगे आणि हंडी यांच्या वासात आपण देवदर्शन उरकतो (आणि कधी तेही राहते!), पण दोन्ही मुलखांची माणसे एका जागी भेटावीत, अशी ही जागा आहे.

1974 मध्ये मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे कोहा, कुंड, बोरी अशी गावे जंगलातून उठवून खाली पायनघाटात वसवली गेली. पूर्वी माल घाट उतरत होता, आता गावेच उतरली. घटांगवरून धारणीकडे जाणारा रस्ता मात्र चालू आहे, आणि बाजाराच्या दिवशी एस.टी.तून उतरणाऱ्या कोरकू बायांच्या टोपल्यांत अजूनही मोहफुले असतात.