झायनचा बोगदा

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं झायन राष्ट्रीय उद्यान अस्पर्शित निसर्ग मानलं जातं. पण तिथलं दर्शन रस्तेबांधणीने घडवलं आहे. झायन, ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन ही उद्यानं एकाच फेरीत पाहता यावेत म्हणून १९२७ ते १९३० या काळात वालुकाश्माच्या कड्यातून सुमारे १.८ किलोमीटरचा बोगदा खोदला गेला. त्याला दरीकडे उघडणारी गवाक्षं ठेवली. फोडलेला दगड त्यांतूनच खाली लोटला आणि पुढे प्रवासी तिथेच मोटार थांबवून दरी न्याहाळू लागले. वाहतूक वाढल्यावर ती मुभा गेली.

रस्त्याने मूळ निसर्ग बिघडवला, हा आक्षेप अर्धाच खरा. कडा फोडला गेला हे नाकारता येत नाही. पण ती भूमी आधीही अस्पर्शित नव्हती: दरीतून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीकाठी दक्षिण पायूट हे मूळनिवासी लोक रस्त्याच्या आधीपासून शेती करत होते. उद्यानाच्या इतिहासात त्यांच्या शेतांना आणि बोगदा खोदणाऱ्यांना कड्यांइतकीच जागा मिळायला हवी.