सूत कोणाचं कोणाशी?

सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या मेंदूच्या चित्रांत बारीक बाण दिसतात. कोणती चेतापेशी कोणाशी जोडलेली आहे हे ओळखण्याच्या विद्येचं कुळ माझ्या मते त्या बाणांपासूनच लावावं.

१८७३ साली इटलीत कामिल्लो गोल्जींनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या करण्याची रीत शोधली. तिची खुबी अशी की गर्दीतल्या मोजक्याच पेशी रंगतात, म्हणून त्या सुट्या दिसतात. स्पेनमध्ये काहालांनी तीच रीत उचलली आणि मेलेल्या पेशीच्या नुसत्या आकारावरून संदेश कुठून कुठे जात असेल ते बाणांनी दाखवलं. निव्वळ अंदाज, पण बहुतांशी बरोबर निघाला. गोल्जींच्या मते मात्र मेंदू म्हणजे एकच सलग जाळं. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गोल्जी आपल्या मताला चिकटूनच राहिले.

आकाराऐवजी वागणुकीवरून नातं ओळखण्याची शाखा १९६०च्या दशकात फुटली. १९६७मध्ये पर्केल, गर्स्टीन आणि मूर यांनी दोन पेशींच्या विद्युत्स्पंदांच्या नोंदी शेजारी ठेवून गणित मांडलं: पहिलीच्या स्पंदानंतर ठरावीक मिलिसेकंदांनी दुसरीचा स्पंद वारंवार येत असेल, तर जोडणीचा संशय घ्यावा. संशयच, कारण इथे एक जुनी खोड आहे. इमारतीतल्या दोन घरांच्या मोटारी सकाळी एकदम सुरू होतात त्या संगनमताने नव्हे. नळाला पाणी आलेलं असतं. तसंच दोन पेशींना तिसरीच कुणी चेतवत असेल, तर त्यांच्यात नसलेलं नातं कागदावर दिसतं. गर्स्टीन-पर्केलना हे पक्कं ठाऊक होतं. नंतरच्या काहींना सोयीस्कर विसर पडला.

पुढे स्पंद टिपणाऱ्या तारांची जागा प्रकाशाने घेतली. पेशी चेतली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५मध्ये कॅल्शियमनुसार चमक बदलणारा फ्युरा-२ हा रंग दिला. २००१मध्ये जपानच्या जुनिची नाकाईंनी जीकॅम्प हे प्रथिन बनवलं, जे पेशी स्वतःच तयार करते. आता शेकडो पेशींची लुकलुक एकदम टिपता येऊ लागली. पण चमक हळूहळू विझते, आणि जोडणीतून संदेश जायला जेमतेम मिलिसेकंद लागतो. आधी कोण, नंतर कोण, हेच पुसट होतं.

२०१४मध्ये कॅगल या संकेतस्थळावर अशा लुकलुकीवरून जोडण्या ओळखण्याचीच स्पर्धा झाली. नोंदी संगणकात घडवलेल्या हजार पेशींच्या, दर २० मिलिसेकंदांना एक. शेजारच्या पेशीचा प्रकाश सांडतो तोही मुद्दाम मिसळलेला. खरी जोडणी आयोजकांना माहीत होती म्हणूनच गुण देता आले. जिवंत मेंदूत उत्तरपत्रिका नसते. बाजी मारली बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या चमूने. आधी संकेत नीट गाळून घेतला, मग आंशिक सहसंबंध काढला, म्हणजे बाकी सगळ्या पेशींचा वाटा वजा करून दोघींत काय उरतं ते पाहिलं. साध्या संख्याशास्त्राने मैदान मारलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

जिवंत मेंदूची एवढी मोठी उत्तरपत्रिका यायला २०२५ उजाडलं. एका उंदराला चित्रफिती दाखवून हजारो पेशींची लुकलुक टिपली, मग दृष्टिकेंद्राच्या साधारण घनमिलिमीटर भागाचे पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धागे जुळवले. जोडण्या सुमारे ५० कोटी. १९७९मध्ये फ्रान्सिस क्रिकनी नेमकी हीच मागणी अशक्य कोटीतली म्हटली होती. ताळा केल्यावर दिसलं की नुसत्या जवळिकीवरून जोडणी सांगता येत नाही. सारख्याच दृश्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकमेकींशी अधिक जोडलेल्या असतात.