गुग्गुळ, बुरशी आणि रक्तातील मेद

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या दोन औषधांना १९८७ या एकाच साली दोन देशांत विक्रीची परवानगी मिळाली. अमेरिकेत लोवास्टॅटिनला, भारतात गुग्गुलिपिडला. एकाचा जन्म बुरशीतून, दुसऱ्याचा झाडाच्या डिंकातून. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी या दोन्ही घराण्यांची मंडळी एकाच डब्यात नांदत असतात. त्यांचे परस्परांशी पटते की नाही, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

गुग्गुळाची कथा काशीची. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून सूत्र घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. मुद्दाम वाढविलेले कोलेस्टेरॉल गुग्गुळाने उतरले, असे त्यांना आढळले. प्राचीन ग्रंथाचा अभिमान बाळगणारे आपल्याकडे उदंड. त्यातले वचन प्रयोगशाळेत नेऊन कसाला लावणारे थोडे. पुढचे काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झाले.

बुरशीची कथा जपानातली. आकिरा एन्दो यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली त्यांतील एकीतून कॉम्पॅक्टिन हे द्रव्य काढले. यकृतात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या यंत्रणेलाच ते खीळ घालते. १९७९ साली त्यांनी मोनॅस्कस नामक बुरशीतून मोनॅकोलिन के वेगळे केले. ते आणि लोवास्टॅटिन हे एकच द्रव्य! आणि मोनॅस्कस म्हणजे कोण? भाताला तांबडा रंग आणण्यासाठी चीनमध्ये शतकानुशतके वापरलेली बुरशी. ली शिझेन यांच्या सोळाव्या शतकातील औषधकोशात या तांबड्या भाताची नोंद आहे. त्याच्या गोळ्या अमेरिकेत पूरक आहार म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा आहार की औषध, यावर खटला रंगला. कायद्याचा कीस कसाही निघो. डॉक्टरांची स्टॅटिनची गोळी आणि हा ‘नैसर्गिक’ भात दोन्ही घेणारा माणूस एकाच जातीचे औषध दोनदा घेतो, आणि स्नायूंना अपाय होण्याचा धोका वाढवून बसतो.

गुग्गुळाची परीक्षा पुढेही चालूच राहिली. भारतातील आधीच्या प्रयोगांचे निष्कर्ष अनुकूल होते. परंतु २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर घातक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे चढलेच, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते मुंबईतील काम. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९४ साली दाखविले की, गुग्गुलिपिडसोबत घेतल्यास डिल्टिआझेम व प्रोप्रॅनोलॉल ही हृदयविकाराची औषधे रक्तात कमी पोचतात. गोळी गिळली, पण तिचा पुरता लाभ पदरी पडला नाही.

असे अन्यत्रही घडते. लोवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन यांचे विघटन करणारे एक विकर यकृतात व आतड्यात असते. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती त्याला चेव आणते. मग सिम्वास्टॅटिनचा प्रभाव घटतो. ग्रेपफ्रूटचा रस त्याच विकराला आतड्यात रोखतो. मग औषध रक्तात साचते.

आपल्या घरांतला प्रसंग याहून साधा असतो. स्टॅटिन चालू आहे, मांड्या-पोटऱ्या दुखू लागतात. ‘वात असेल’ म्हणून शेजारी योगराज गुग्गुळ सुचवितात. दुखणे कदाचित त्या गोळीचेच असते, आणि त्यावर आणखी एक औषध चढते, ज्याची वार्ता डॉक्टरांना नसते. वैद्यांना स्टॅटिनची नसते. दोघांपुढेही काढे, चूर्णे, गोळ्या यांची एकच यादी ठेवावी. स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नये. मात्र स्नायू फार दुखून लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि जाताना तो डबा बरोबर न्यावा.