सूर आणि सुरा

१९७८चा ‘हॅलोविन’ दिग्दर्शक जॉन कारपेंटरने पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला दाखवला, तेव्हा त्याला पार्श्वसंगीत नव्हते. पाहणारी होती एका मोठ्या स्टुडिओतली तरुण अधिकारी, आणि तिला जराही भीती वाटली नाही. मग कारपेंटर स्वतःच संगीत रचायला बसला. पियानोवर पाच मात्रांचे आवर्तन, पुन्हा पुन्हा तेच. हा ठेका त्याच्या वडिलांनी, जे संगीताचे प्राध्यापक होते, त्याला लहानपणी बोंगोवर शिकवला होता. सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटात रक्त फारसे दिसत नाही. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला स्वस्तातला मुखवटा, वरून पांढरा रंगवलेला. अंगावर काटा येतो तो त्या पाच मात्रांमुळे.

भय, विनोद आणि गाणे एकत्र आणणाऱ्या चित्रपटांकडे वळणाऱ्याने सुरुवात इथून करावी, असे मला वाटते. ‘हॅलोविन’मध्ये कोणी गात नाही, हे खरे. पण सुरा आणि सूर यांचे नाते तिथे उघडे पडते: दोन्ही मात्रा मोजून येतात.

स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला सुऱ्याने मारत जातो तो भयपटाचा प्रकार, गंभीरपणे अभ्यासला गेला तो प्रामुख्याने चित्रपट-अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांच्यामुळे. शेवटी एकटी उरणारी आणि खुन्याला सामोरी जाणारी मुलगी हा त्यांचा शोध आता सर्वपरिचित आहे. तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी भय आणि हसू इतके शेजारी का राहतात, याचा विचार केला. तत्त्वज्ञ सिंथिया फ्रीलँड यांचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: भयपटातला खुनाचा प्रसंग संगीतिकेतल्या गाण्यासारखा असतो. कथा थांबते, कसब पुढे येते, आणि प्रेक्षक नेमका त्याचसाठी आलेला असतो.

संगीत नाटकाचा वारसा असलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. ताना घेत निघालेला गायक समेवर कधी येतो, याची वाट पाहणारी मान आणि अंधाऱ्या जिन्यावरच्या पावलांकडे लागलेला कान यांत ताण एकाच जातीचा असतो. सम आली की दाद निघते, सुरा आला की किंकाळी. आणि सम चुकवली, म्हणजे सुऱ्याऐवजी मांजराने उडी मारली, की हसू फुटते. विनोद वरून शिंपडावा लागत नाही. तो त्या मोजणीतच असतो. आपल्या प्रेक्षकाला मात्र एक सवय बाजूला ठेवावी लागेल. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आपण घाबरतो, हसतो, आणि मध्ये गाणे आले तर कोणी चकित होत नाही. अमेरिकी किंवा कॅनेडियन स्लॅशरमध्ये पात्राने तोंड उघडून गाणे हाच मोठा धक्का असतो.

तो धक्का पुरेपूर वापरणारा चित्रपट म्हणजे जेरोम सेबल याचा कॅनेडियन ‘स्टेज फ्राइट’ (२०१४). नाट्यप्रशिक्षणाच्या उन्हाळी शिबिरात मुले येतात आणि बाहेरच्या जगात नाकारले गेलेले आपण इथे कसे आपले आहोत, हे गातात. खुनी हा संगीतिकांचा द्वेष्टा. त्याचे गाणे हेवी मेटलच्या कर्कश गिटारवर. शिबिराचा मालक झाला आहे रॉक गायक मीट लोफ, जो १९७५च्या ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’मध्ये एक दणदणीत गाणे म्हणून लगेच मारला गेला होता. एरवी स्लॅशरमधले बळी नावापुरते असतात. इथे तीन मिनिटांच्या गाण्यात मुलाची आस कळते, तो आपला होतो, आणि मग त्याचे मरण खुपते. कमी पैशांत पात्र उभे करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

कारागिरीची अडचणही समजून घ्यावी. स्लॅशरमध्ये बहुधा आधी दृश्यांचे संकलन होते, मग त्यावर संगीत बसते. संगीतिकेत गाणे सहसा आधीच ध्वनिमुद्रित होते आणि ओठ त्याच्या मागून हलतात. दोन्ही एकत्र करायचे तर खून आधीच ठरलेल्या मात्रेवर पडावा लागतो. त्यात पोशाख एकच, आणि तो रक्ताने भिजला की दुसरा टेक नाही. म्हणून कमी खर्चाच्या चित्रपटांतली अशी दृश्ये मी दोनदा पाहतो: एकदा घाबरायला, एकदा कष्ट मोजायला.

शेवटी एक सूचना. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने १९६०मध्ये ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकले. १९८२मध्ये हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकन यांनी त्याची रंगमंचावरची संगीतिका केली. तिच्यात नायक-नायिकेला माणसे खाणारे झाड गिळते आणि प्रेक्षक आनंदाने टाळ्या वाजवतात. फ्रँक ऑझने १९८६च्या चित्रपटासाठी तोच शेवट खर्च करून चित्रित केला, आणि चाचणी खेळांतल्या प्रेक्षकांनी तो झिडकारला. ऑझचे स्पष्टीकरण असे, की रंगमंचावर मेलेले नट पडदा पडल्यावर नमस्काराला परत येतात, चित्रपटात येत नाहीत. सुखान्त पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट २०१२मध्ये ब्लू-रेवर परत आला. दोन्ही शेवट एकाच रात्री, एकामागून एक पाहा, आणि गाणे संपल्यावर आपण कोणाची वाट पाहत बसलो आहोत, याकडे लक्ष ठेवा.