सरासरीआड दडलेला पाऊस : स्प्रेडशीटमधील वारंवारता वितरण व आयतालेख

वाकोल्यापासून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस होता. मिठी नदी आणि तिला मिळणारा वाकोला नाला यांच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत सांताक्रूझला साधारणपणे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे दिवसाची सरासरी निघते वीसच्या आत. हिशेब अचूक, पण नाल्याकाठच्या रहिवाशाला निरुपयोगी. कोरडे दिवस किती आणि मुसळधार किती, हे सांगते वारंवारता वितरण. त्याचे चित्र म्हणजे आयतालेख.

त्यासाठी आधी वर्ग ठरवावे लागतात. पावसाच्या बाबतीत ते भारतीय हवामान विभागानेच आखून दिले आहेत : २.५ मिलिमीटरपासून पावसाळी दिवस, १५.५ पर्यंत हलका पाऊस, ६४.४ पर्यंत मध्यम, ११५.५ पर्यंत मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार.

स्प्रेडशीटच्या बी२ ते बी१२३ या रकान्यांत रोजचा पाऊस भरावा. डी२ ते डी६ मध्ये वर्गांच्या वरच्या मर्यादा लिहाव्यात : २.४, १५.५, ६४.४, ११५.५, २०४.४. मग ई२ ते ई७ निवडून =फ्रीक्वेन्सी(बी२:बी१२३,डी२:डी६) हे सूत्र (अर्थातच रोमन लिपीत) द्यावे. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत नुसते एंटर चालत नाही; कंट्रोल, शिफ्ट व एंटर एकत्र दाबावे लागते. मर्यादा पाच, उत्तरे मात्र सहा : शेवटचा आकडा २०४.४ च्या वरच्या दिवसांचा. ९४४ मिलिमीटरचा दिवस याच वर्गात पडतो.

बेरीज १२२ यायलाच हवी. ती कमी आली, तर बहुधा कोरड्या दिवसांचे रकाने रिकामे राहिलेले असतात. हे सूत्र रिकामा रकाना मोजत नाही. तेथे शून्यच लिहावे लागते.

आलेखाचे काम अधिक नाजूक आहे. स्तंभालेख काढून स्तंभांमधील अंतर शून्यावर आणले की आयतालेखासारखे चित्र दिसते, पण हवामान विभागाचे वर्ग असमान आहेत. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने दाखवायची असते. सारख्या रुंदीचे स्तंभ येथे फसवतात. चित्रासाठी २५ मिलिमीटरचे समान वर्ग घ्यावेत, तर २००५ सालासाठी असे ३८ वर्ग लागतील आणि त्यातील बरेचसे रिकामे राहतील. एक्सेल २०१६ पासून आयतालेखाचा तयार प्रकार मिळतो. त्यातील वर्गांची रुंदी आपोआप ठरू दिली, तर एकाच अवाढव्य आकड्याने वर्ग फुगतात आणि लहान पावसाचे दिवस एकाच स्तंभात कोंबले जातात. तेव्हा रुंदी स्वतः द्यावी व ठरावीक मर्यादेवरचे सारे दिवस शेवटच्या खुल्या वर्गात घालावेत. मात्र त्या स्तंभाखाली कमाल आकडा लिहिण्यास विसरू नये.

रोजच्या नोंदीलाही मर्यादा आहेच. शंभर मिलिमीटर दिवसभरात पडणे वेगळे, दोन तासांत कोसळणे वेगळे. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ही क्षमता ५० मिलिमीटर करण्याचे ठरले. तासागणिक आकडे हाती असतील, तर वर्गांच्या सीमा २५ आणि ५० वरच ठेवाव्यात.