एका आडनावाची साक्ष

आडनावावरून कूळ ओळखावे, ही आपली जुनी सवय. परंतु वकिलीचा अनुभव सांगतो की, केवळ नावावरून रक्ताचे नाते सिद्ध होत नाही. फिलिपाइन्सचा इतिहास हेच सांगतो. त्या द्वीपसमूहात गार्सिया, रेयेस, मेंदोसा ही आडनावे घरोघर आढळतात. स्पेनने तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत सत्ता गाजविली. तेव्हा ही मंडळी स्पॅनिश वंशाची असावीत, असे परक्यास वाटते. बहुतेकांच्या बाबतीत तो भ्रम होय.

तेथील पुष्कळ लोकांस पूर्वी स्थिर आडनाव नव्हते. सख्खे भाऊ निरनिराळी नावे लावीत. अनेकजण संतांची नावे घेत. करवसुली, न्यायदान आणि विवाहातील नात्यांची शहानिशा, तिन्हींत घोटाळा होई. म्हणून २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी आज्ञापत्र काढले. सुमारे ६१,००० नावांची वर्णानुक्रमे यादी सिद्ध झाली. तीत स्पॅनिश आडनावांबरोबर वनस्पती, खनिजे, स्थळे यांची नावे आणि देशी शब्दही होते. यादीची पाने गावोगाव वाटली गेली. म्हणूनच आल्बाय प्रांतातील ओआस गावी बहुतेक आडनावे ‘र’ने आरंभ होतात! चार पिढ्यांचे आडनाव दाखविणाऱ्यास मात्र ते राखण्याची मुभा होती.

फिलिपिनो स्वातंत्र्याकांक्षेचा उद्गाता होसे रिझाल याचे आडनाव याच काळातले. त्याचा चिनी पूर्वज दोमिंगो लाम-को याने ‘मेर्कादो’, म्हणजे ‘बाजार’, हे नाव घेतले होते. १८४९ नंतर त्यास ‘रिझाल’ची जोड मिळाली. पीक हिरवेच कापल्यावर जेथे पुन्हा अंकुर फुटतात, त्या शेताला स्पॅनिशमध्ये असे म्हणतात. १८७२ मध्ये फादर बुर्गोस यांना देहान्त शासन झाले. होसेचा थोरला बंधू पासियानो त्यांच्या निकटचा. ‘मेर्कादो’ हे नाव त्यामुळे संशयास्पद ठरले. म्हणून धाकट्याचे नाव शाळेत ‘रिझाल’ असे घातले गेले. पुढे ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याच राजसत्तेने त्याला मनिलात गोळ्या घातल्या. राज्याच्या सोयीसाठी आलेले ते नाव तोवर राज्याविरुद्धच्या असंतोषाचे नाव झाले होते.

गोमंतकीय वाचकांस हे नवल वाटू नये. आपल्याकडील पोर्तुगीज आडनावेही बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याकडून वा धर्मपित्याकडून आलेली; त्यांमागचे रक्त याच मातीचे. कोणाचे राज्य होते, एवढेच आडनाव सांगते. ते धारण करणारा कोण, हे त्याची करणीच सांगते.